गोळीआधीची भाकर

सरस्वतीबाईंचा चातुर्मासाचा नेम लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सुरू झाला आणि पुढे कधी मोडला नाही. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत दिवसभर चहापाण्यावर राहायचं आणि दिवेलागणीला एकदाच जेवायचं. मुलीचं लग्न, मुलाची आजारपणं, नापिकीची वर्षं, सगळं त्या नेमात बसलं.

यंदा जूनमध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग निघाला. त्या सत्तरी ओलांडलेल्या. संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की या वयात जोराची औषधं झेपणार नाहीत. त्याऐवजी महिन्यातले काही दिवस इंजेक्शनं आणि रोज एक गोळी. गोळी सकाळी पोटभर जेवूनच घ्यायची. वेळ चुकवायची नाही.

पहिल्या महिन्यात गुण आला. हाडातल्या मगजाची तपासणी झाली तेव्हा शंभर पेशींत साठ रोगट होत्या, त्या तीसवर आल्या. घरात पेढे वाटायचे राहिले एवढंच. मग आषाढी आली आणि नेमाचा प्रश्न उभा राहिला.

सरस्वतीबाईंना उपास करता येणार नव्हता. नेम मोडायलाही त्यांचं मन होत नव्हतं. त्यांच्या गावच्या, सुलतानपूरच्या देवळात कीर्तन करणाऱ्या महाराजांनी वाट काढून दिली. नेम घराचा असतो, म्हणाले. बाईला झेपत नसेल तर घरधनी पाळू शकतो.

"मंग मी पाळतो," हिंमतराव म्हणाले.

त्यांची सून पूनम परात घासत होती, ती थांबली. हिंमतराव म्हणजे एकादशीला ताटभर साबुदाण्याची उसळ खाऊन वर भाकर मागणारा माणूस. बायकोच्या उपासांची त्यांनी जन्मभर टिंगल केली होती.

"मामंजी, तुम्ही?"

"काऊन? माह्या पोटाले काय वेगळं दार हाय?"

सरस्वतीबाईंनी पदराने डोळे पुसले. रात्री पूनमला म्हणाल्या, "माणूस बदलला पाय. माह्यासाठी उपाशी राहून राह्यला."

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पुन्हा तपासणी झाली. रोगट पेशी तीसवरून पंचेचाळीसवर चढल्या होत्या.

"गोळी रोज घेताय ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज घेते. वेळेवर," हिंमतराव म्हणाले. "घड्याळ लावून घेते."

"जेवूनच ना?"

"हाव, सून सकाळी ताट वाढूनच कामाले जाते."

हे खरं होतं. सरस्वतीबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक महिना याच गोळीवर काढू. त्यातही आकडा खाली आला नाही तर ही गोळी बंद करावी लागेल. त्यानंतर देण्यासारखं फार काही उरत नाही.

प्रतीक्षा ही सरस्वतीबाईंच्या लेकीची लेक. देऊळगाव राजात वाढलेली, आता पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएचडी करणारी. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी हाच तिचा विषय होता, आणि त्यातही त्या पेशींच्या आतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका. अहवालाचा फोटो तिला मोबाईलवर आला तेव्हा ती सूक्ष्मदर्शकाखाली त्याच औषधातून वाचलेल्या पेशी बघत होती. आधी गुण, मग उलटणं. तिला ही चाल ओळखीची वाटली. पेशींनी औषधाला वळसा घातला, असं तिने मनात ठरवून टाकलं. सुट्टी टाकली आणि मेहकरची एसटी धरली. वाटेत जालन्यापर्यंत ती त्याच विषयावरचे शोधनिबंध वाचत होती. जालन्यानंतर तिने मोबाईल बंद केला आणि नुसती बसली.

सुलतानपूरच्या फाट्यावर उतरून ती घराकडे निघाली तेव्हा शेजारचे पुंजाजी दारात उभे राहून आपल्या गाईला शिव्या देत होते. पुंजाजी हे हिंमतरावांचे शाळेपासूनचे सोबती. दोघांची शेतंही बांधाला बांध लागून.

"काय झालं, पुंजाजीआबा?"

"आली का, पोरी? पाय ना हिचे नखरे. महिना झाला, कडब्याले तोंड लावत नाही. अंगावर पाय कशी चमक आली! खाते कुठं, ते समजत नाही."

प्रतीक्षा हसली आणि पुढे गेली.

आजीला बघून मात्र तिचं हसू गेलं. सरस्वतीबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"आजी, किती वाळली गं तू!"

"दवाईनं वाळते माणूस. तू काय खाऊन राह्यली पुण्याले? तूच काडी झाली."

संध्याकाळी हिंमतरावांचं एकभुक्त जेवण झालं. प्रतीक्षाने पाहिलं, आजोबा दिवसभराच्या उपाशी माणसासारखे जेवले नाहीत. सावकाश, दीड भाकर. आजी मात्र पहिले चार घास घाईघाईने जेवली आणि मग तिला मळमळायला लागलं. प्रतीक्षाने दोन्ही गोष्टींचा दोष वयाला दिला.

जेवणं झाल्यावर आजीने विचारलं, "तू त्याच रोगाचं शिकतं म्हणते तुही माय. काय असते तो, मले नीट सांग. डॉक्टरीण चांगली हाय, पण ते इंग्रजीत घाबरवते."

प्रतीक्षा चुलीपुढे बसली. घरात गॅस होता, पण भाकरी आजही चुलीवर व्हायच्या.

"आपल्या अंगातल्या एकेका पेशीत बारीक बारीक चुली असतात, आजी. खाल्लेलं तिथं जळते आणि पेशीले ताकद भेटते. चांगल्या पेशीची चूल मंद झाली तर ती दुसऱ्या रीतीनं बी भागवते. आपल्या घरी जसा गॅस हाय. पण या रोगाच्या ज्या मूळ पेशी असतात ना, त्यायले गॅस पेटवताच येत नाही. त्या निस्त्या चुलीवर जगतात. चूल गेली का त्या गेल्या."

"मंग चूल इझवा म्हणा."

"तेच तर. पेशी खराब झाली का त्या चुलीनंच तिले संपवायचं असते, तशी सोय केलेलीच हाय. पण या पेशीनं चुलीपाशी एक राखणदार बसवून ठेवला. तो काही होऊ देत नाही. तुही गोळी त्या राखणदाराले उठवते. तो उठला का चूल फुटते, अन् पेशी आपोआप मरते."

सरस्वतीबाईंनी विस्तव राखेखाली सारला. "मंग माह्यातला राखणदार उठत काऊन नाही?"

"कधी कधी पेशी हुशार होते. एक उठला का दुसरा बसवते."

"लय दिवस राह्यली असंन तुह्या आबाच्या संगतीत," आजी म्हणाल्या. पलंगावरून हिंमतराव खाकरले.

प्रतीक्षाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवलं नाही. "आणि माहीत हाय का, आजी? या चुली बापाकडून येत नाहीत. फक्त आईकडून येतात. माह्यातल्या चुली आईच्या, आईतल्या तुह्या. म्हणजे माह्यातल्या तुह्याच."

तिला वाटलं होतं आजी खूष होईल. सरस्वतीबाईंचा हात मात्र चिमट्यावरच थांबला.

"मंग हे खराब बी तुह्यात गेलं का?"

"नाही गं. तुहा रोग त्या चुलीतून आला नाही. तुह्या हाडातल्या काही पेशी आता म्हातारपणी बिघडल्या. ते कोणाच्या वाट्याले जात नाही."

"खरं सांगतं?"

"खरं."

"शपथ घे."

प्रतीक्षाने घेतली. सरस्वतीबाई उठल्या आणि देवापुढे जाऊन हात जोडून आल्या. आपल्या आकड्यांबद्दल त्यांनी नंतर काही विचारलं नाही.

सकाळी प्रतीक्षाला जाग आली तेव्हा हिंमतराव लुना घेऊन शेतात गेले होते. पूनम ताट वाढत होती. ज्वारीची भाकर, वर तुपाची धार, वरण, मेथीची भाजी. ताट सरस्वतीबाईंपुढे ठेवून ती अंगणवाडीच्या कामाला निघाली. "जेवून घ्या, आत्याबाई," जाता जाता म्हणाली. रोज म्हणायची.

प्रतीक्षा दात घासत परसात उभी होती. तिथून ओसरी दिसत होती. पुंजाजींची गाय येऊन दारात उभी राहिली. तिला कोणी हाकललं नाही, कोणी बोलावलंही नाही. सरस्वतीबाई ताट घेऊन उठल्या. तुपाची भाकर चार तुकडे करून त्यांनी गाईला चारली. वरण-भाजी घमेल्यात ओतली, गाईने तेही चाटून घेतलं. मग त्यांनी ताट विसळलं, कपात उरलेला चहा प्यायला, घड्याळाकडे पाहिलं आणि गोळी पाण्याबरोबर घेतली.

प्रतीक्षा तोंडात फेस तसाच ठेवून ओसरीत आली.

"आजी, हे काय करून राह्यली?"

"गाईले घास देऊ नाही का?"

"घास? सारं ताट दिलं तू! रोज देतं?"

सरस्वतीबाईंनी ताट पालथं घातलं. "हळू बोल. पूनमले समजंन."

"आणि गोळी? उपाशीपोटी?"

"चहा घेतला ना."

"आजी, गोळी जेवणासंगच रक्तात उतरते. पोटात काही नसलं तर बरीचशी तशीच निघून जाते. राखणदारापर्यंत पोचतच नाही!" बोलताना तिचं तिलाच ऐकू आलं. पहिल्या महिन्यात गुण, तेव्हा चातुर्मास नव्हता. दुसऱ्या महिन्यात उलटलं, तेव्हा होता. पुण्यापासून जालन्यापर्यंत तिने पेशींवर संशय घेतला होता. आजी सकाळी काय खाते, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"पण काऊन? तुहा नेम तर आबांनी घेतला ना?"

"म्हणूनच तर," सरस्वतीबाई म्हणाल्या. "ते उन्हात उपाशी शेतात राबतात. या वयात. अन् मी इथं सावलीत बसून तूप-भाकर खाऊ? लगन झाल्यापासून त्यायच्या आधी घास घेतला नाही मी. आता रोगानं घेऊ का? संध्याकाळी ते जेवतात, तवा मी जेवतो."

"डॉक्टरांनी सांगतलं होतं तुले."

"डॉक्टरीण म्हणाली, वेळ चुकवू नका. मी एक दिवस बी चुकवली नाही."

प्रतीक्षाने तिथेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई आधी रागावल्या, मग भराभर बोलल्या. गोळी संध्याकाळी जेवणानंतर घेतली तरी चालेल का, प्रतीक्षाने विचारलं. गोळीचं चालेल, त्या म्हणाल्या, पण आजींचं वजन उतरलंय. एका जेवणावर हे शरीर पुढची इंजेक्शनं सोसणार नाही. दिवसातून तीनदा खायला हवं, आणि ते आजपासून. शिवाय आता गोळी खरोखर अंगी लागली की रोगट पेशी एकदम मोठ्या संख्येने मरतील आणि त्याचा त्रास मूत्रपिंडाला होऊ शकतो. म्हणून पुढच्या आठवड्यात चार दिवस दाखल करा, रक्त तपासत राहू.

"ऐकलं ना?" प्रतीक्षा म्हणाली.

"ऐकलं. त्यायले नेम सोडाय सांग, मी जेवतो. पण ते सोडणार नाहीत. माह्यासाठी घेतला त्यायनं."

प्रतीक्षा चप्पल घालून शेताकडे निघाली. आजोबांना कसं सांगायचं, हे ती वाटेत जुळवत होती. तुमचा उपास तुमच्या प्रेमाचा आहे, पण आजीला तो मारतोय, असं काहीतरी.

सोयाबीन कमरेला आलं होतं. बांधावरच्या बाभळीखाली दोघे बसलेले दिसले. पुंजाजींचं फडकं मधे पसरलेलं. त्यावर भाकरी, मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा आणि डब्यात वांग्याची भाजी. हिंमतरावांच्या हातात अर्धी भाकर होती आणि तोंडात उरलेल्या अर्धीचा घास.

नात समोर उभी पाहून त्यांनी हातातली भाकर आधी पाठीमागे नेली, मग तिथे कुठे ठेवायची हे न सुचून पुन्हा पुढे आणली.

"पोरी, हे पुंजाजीची हाय," ते म्हणाले.

"भाकर माही, पण हात तुमचा हाय, हिंमतराव," पुंजाजी म्हणाले.

"कधीपासून, आबा?"

हिंमतरावांनी घास गिळला. "मी खरंच करणार होतो वं. मनापासून. पण अकरा वाजले का डोळ्यासमोर अंधारी येते. हा समोर बसून कांदा फोडते. वास येते."

"म्हणजे कांद्याचा दोष," पुंजाजी म्हणाले.

"आजीले सांगू नोको, पोरी. ते लय खूष हाय. आयुष्यात पहिल्यांदा माह्याकडं तशी पाहून राह्यली. अन् आता ते अशी आजारी."

प्रतीक्षा बांधावर बसली. तिला हसू येत होतं, ते तिने आवरलं. तिने सगळं सांगितलं. गाय, ताट, चहा, गोळी, पंचेचाळीसचा आकडा. सांगता सांगता हिंमतरावांच्या हातातली भाकर फडक्यावर गेली.

"म्हणजे मी इथं जेवून राह्यलो, अन् ते माह्यापायी उपाशी?"

"हाव."

"अन् त्याच्यानं दवाई नाही लागली?"

"हाव, आबा."

मग पुंजाजी हळूच म्हणाले, "तरीच म्हटलं, माही गाय कडबा काऊन खात नाही. तुम्ही माही भाकर खाल्ली, तिनं तुमची."

हिंमतराव उठले. पायात चपला घातल्या, त्या उलट्या घातल्या, पुन्हा काढून नीट घातल्या. "चल," ते नातीला म्हणाले. "मी सांगतो तिले."

"मी बी येतो," पुंजाजी म्हणाले.

"तू काऊन बे?"

"साक्षीदार नोको का?"

सरस्वतीबाई ओसरीत शेंगा फोडत होत्या. नवरा भरदुपारी घरी आलेला पाहून त्या घाबरल्या. "काय झालं? चक्कर आली का? मी म्हणतच होती, या वयात उपास…"

"अवो, ऐक," हिंमतराव अंगणातच उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. "मी जेवतो."

"जेवा ना मंग. नेम काय, देव समजून घेते."

"तसं नाही. मी रोज जेवतो. शेतात. पुंजाजीच्या डब्यात."

सरस्वतीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कवापासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"पहिल्या दिवशी पाळला?"

हिंमतराव टोपीकडे बघत राहिले.

"पहिल्या दिवशी मी शेतात नव्हतो, वहिनी," पुंजाजी म्हणाले.

प्रतीक्षाला वाटलं आजी रडेल. आजी उठली आणि तिने सुपातल्या शेंगा एका हिसक्यात खाली ओतल्या.

"मी रोज त्या गाईले तूप लावून भाकर देऊन राह्यली! पोटात आग पडे माह्या. मी म्हणे, माहा माणूस उन्हात उपाशी हाय, आपण कसं खावं. अन् तुम्ही तठी वांगे खाऊन राह्यले?"

"तुले कोणं सांगतलं होतं उपाशी राहाय? मले काय माहीत तू बी…"

"तुमच्या आधी जेवली का मी कधी? इतकी वर्सं माह्यासंग राहून हे बी समजू नाही माणसाले?"

हिंमतराव दोन पावलं पुढे आले. ते पायरीवर बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. "तू गेली तर मी काय करू वं," ते म्हणाले. आवाज इतका साधा होता की पुंजाजींनी तोंड फिरवून गोठ्याकडे पाहिलं.

सरस्वतीबाई उभ्याच होत्या. मग त्यांनी नातीला विचारलं, "आज किती खाल्ली होती यायनं?"

"अर्धी. अर्धी हातात होती."

"म्हणजे आजचं जेवण व्हायचंच हाय." त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. दोन ताटं घेऊन बाहेर आल्या आणि एक नवऱ्यापुढे आपटलं. "जेवा."

"मले आता भूक…"

"जेवा म्हटलं ना. तुम्ही घास घेतल्याबिगर मी घेत नाही, अन् मले लवकर घ्यायचा हाय."

हिंमतरावांनी घास घेतला. मग सरस्वतीबाईंनी घेतला. चौथ्या घासाला त्या म्हणाल्या, "देवाले मी सांगीन, नेमाले माणूस निवडण्यात चूक झाली. पुढच्या वर्सी माहा नेम मीच करीन."

पुढचं वर्ष हा शब्द त्या घरात जूनपासून कोणी काढला नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्या चार दिवस रुग्णालयात राहिल्या. तिथे सकाळी रोग्यापुरताच उपमा मिळे. पहिल्या दिवशी सरस्वतीबाई वाटी हातात धरून बसल्या, तेव्हा हिंमतरावांनी पिशवीतून घरची भाकर काढून आधी घास मोडला. परिचारिकेने सांगितलं, आजोबा, वॉर्डात खायचं नाही. ते म्हणाले, बाई, मी नाही खाल्लं तर तुमची दवाई वाया जाते. प्रकरण डॉक्टरीणबाईंपर्यंत गेलं आणि हिंमतरावांना परवानगी मिळाली. रक्ताच्या तपासण्यांत दोन दिवस आकडे वरखाली झाले, सलाईनची बाटली बदलत राहिली, मग सगळं स्थिरावलं.

महिन्यानंतरच्या तपासणीत शंभरात चार पेशी रोगट निघाल्या. प्रतीक्षाला फोटो आला तेव्हा ती पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी होती. तिने तो दोनदा मोठा करून पाहिला आणि मग आईला फोन केला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा आजार दबला आहे, गेलेला नाही. गोळी चालूच राहील, किती महिने ते सांगता येत नाही. आणि रोज जेवूनच.

"म्हणजे मले बी रोज?" हिंमतरावांनी विचारलं.

"तुम्हाला पण," बाई म्हणाल्या.

आता त्यांना रोज सकाळी सात वाजता जेवावं लागतं. भूक असो नसो, पित्त झालेलं असो, आदल्या रात्री लग्नाच्या पंगतीत चार लाडू झालेले असोत. सरस्वतीबाई ताट घेऊन समोर बसतात आणि त्यांच्या हाताकडे बघत राहतात. "घ्या," म्हणतात. ते घेतात. शेतात गेल्यावर पुंजाजी फडकं पसरतात तेव्हा हिंमतराव नुसतेच बांधावर बसतात आणि कांदा फोडू नको म्हणतात.

गाय अजून येते. सरस्वतीबाई तिला रीतीप्रमाणे चतकोर देतात, कोरडी. ती खाऊन झाल्यावर गाय थोडा वेळ तशीच उभी राहते, ओसरीत चाललेलं दोघांचं जेवण बघते, आणि मग पुंजाजींच्या गोठ्याकडे कडबा खायला जाते.